एका दारामागची दोन घरं

चारुदत्त इतका नेमका माणूस, की चपलासुद्धा रेघेत काढायचा. इमारतींचे नकाशे काढण्यात हयात गेली. मंदी आली, दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या आणि त्याची नोकरीही गेली. मग शारजात, अल मजाजच्या फ्लॅटमध्ये सकाळी त्याची बायको विभावरी देवापुढे दिवा लावायची आणि तो लॅपटॉप उघडायचा. दुबईच्या देरा भागात गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या खैरुद्दीनभाईंनी त्याला सांगितलं होतं, "गोडाउन का माल ढूँढनेवाला प्रोग्राम बनाओ. शनिचर को चला, तो वीज़ा मेरी तरफ़ से." नाही चालला, तर मुलीची, अवनीची बारावी अर्धी सोडून तिघांनी पुणं गाठायचं.

बापाला प्रोग्रामिंग अवनीच शिकवायची. विभावरी पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि माहिती साठवायच्या त्या तऱ्हा आपल्या भाषेत लावायची.

"लिस्ट म्हणजे जपमाळच की गं, मण्यामागून मणी. आणि सेट म्हणजे हळदीकुंकवाच्या बायका. एकीला दोनदा कुंकू लावलं म्हणून काही दोन बायका होत नाहीत."

"अँड डिक्शनरी?"

"चिठ्ठ्या लावलेल्या बरण्या. चिठ्ठी वाचली की आतलं हाताला येतं."

"आई, यू आर बेटर दॅन बाबा!"

"झालं! नोकरी गेली, आता हाही नंबर गेला," चारुदत्त म्हणाला.

सरावासाठी त्याने शुक्रवारच्या भजनाची बोलावणी डिक्शनरीत घातली. फ्लॅटचा नंबर दिला की घरचं नाव यायचं. ते बघून फोनही त्यानेच केले.

भजनाला प्रमिला आली नाही. पेटी तीच वाजवायची, त्यामुळे नुसत्या टाळांवर निभावावं लागलं. विभावरी प्रसाद घेऊन सातव्या मजल्यावर गेली. भाडं झेपेना म्हणून प्रमिला आणि तिचा नवरा संजय आता शुभ्राच्या फ्लॅटमध्ये, हॉलला पडदा लावून राहत होते.

"शुभ्राला फोन आला," प्रमिला म्हणाली. "आम्ही हॉलमधले. आमचं घर कोण धरतंय?"

विभावरी तरातरा खाली आली. "अहो, प्रमिलाला का नाही बोलावलंत?"

"घातलंय की तिचं नाव!" त्याने नंबर दिला. स्क्रीनवर एकट्या शुभ्राचं नाव आलं.

"बाबा, चिठ्ठी सेम झाली, दोघींचा फ्लॅट नंबर एकच," अवनी म्हणाली. "सेकंड वन रिप्लेस्ड द फर्स्ट."

"म्हणजे आधीचं फेकून त्याच बरणीत नवं भरलं?" विभावरीने विचारलं.

चारुदत्तचा चेहरा उतरला. "अगं, भाईंचा मालही मी रॅकच्या नंबरावरच लावलाय. एकेका रॅकवर चार-चार तऱ्हेचे भाग असतात. निम्मं गोडाउन गायब!" तो उठला. "पण आधी वर जाऊन येतो."

विभावरीही मागोमाग गेली.

"वहिनी, चुकलो. मशीनने तुमचं नाव पुसलं."

"भावजी, मशीनला नसेल ठाऊक. तुम्हाला तर ठाऊक होतं ना, आम्ही इथे राहतो?"

"होतं," तो खाली बघत म्हणाला.

प्रमिलाने हॉलचा पडदा बाजूला सारला. मग म्हणाली, "बसा. चहा टाकते."

खाली येऊन त्याने प्रत्येक नंबराच्या पोटात एकेक लिस्ट ठेवली. आता एका दारामागे कितीही घरं मावत होती.

शनिवारी दुपारी विभावरीला त्याचा फोन आला. "भाईंनी बारावा रॅक विचारला. सगळे भाग आले गं! 'खलास, काम पक्का, कल से आ जाओ' म्हणाले. पासपोर्टच्या कॉप्या कुठेत?"

"पुण्याला न्यायला भरलेल्या बॅगेत. साड्यांच्या खाली."

"मग काढ ना."

तिने केव्हाच बॅग उघडली होती. साड्या पलंगावर टाकता टाकता ती नुसतंच "हो, हो" म्हणत राहिली.