आक्कासाठी धुतलेली फरशी

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, कुणी उचललेलं अजिबात खपायचं नाही. आणि आमच्या घरात तर सगळे उचलणारेच. गेवराईच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला, मेंढरं राखणारं घर आमचं. नुकतं जन्मलेलं कोकरू चालेना की काखेत मारायचं आणि पुढं निघायचं. आक्काचे दोन्ही पाय लहानपणी पोलिओनं गेले, तेव्हा तिलाही तसंच काखेत मारलं. शाळेत वडिलांच्या खांद्यावर, कपिलधारच्या यात्रेत चुलत्यांच्या पाठीवर, लग्नाच्या मांडवात जो रिकामा असेल त्याच्या हातांवर. तिला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

"कोकरू तरी बें बें करतंय, मी तर मानूस हाय," ती म्हणायची. "आदी इचारा, मग हात लावा."

आम्ही हसायचो. कुबड्या मिळाल्यावर मात्र तिनं सगळ्यांना तंबीच दिली. हातमशीनवर अख्ख्या गावाचे ब्लाउज शिवायची आणि माप घेता घेता ज्याची त्याची खरडपट्टी काढायची. तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. माझी तर नव्हतीच.

ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली, पायऱ्या चांगल्याच उंच. ग्रामसभेला आक्का बाहेर लिंबाखाली बसायची आणि तिथून ओरडून भांडायची. "मला आत यायचंय. कुनाच्या काखंत न्हाई. माज्या कुबड्यांवर." तिनं आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. शेवटी आमच्या चुलत्यांनी, तेच सरपंच होते, मनावर घेतलं आणि पायऱ्यांच्या बाजूला रॅम्प बांधला.

सिमेंट वाळलं. खरबरीत, राखाडी, कुबडीचं रबर धरून ठेवील असं. तिथंच थांबले असते तर! पण चुलते म्हणाले, "आपल्या लेकीचा रस्ता हाय, आसा ओबडधोबड ठिवायचा का?" देवळाच्या सभामंडपाची फरशी उरली होती, पांढरी, तोंड दिसेल इतकी चकचकीत. देवाला लावली तीच लेकीला लावली. सगळ्या गावानं कौतुक केलं. मी बीडला शाळेत शिकवते. फोटो बघून मीही शिक्षकांच्या खोलीत मिरवून घेतलं.

उद्घाटनाला मी सुट्टी काढून गेले होते. आक्का नवी साडी नेसली होती. कोरड्या फरशीवर एकेक कुबडी टेकत ती वर गेली. टाळ्या वाजल्या, तिनं मागं वळून "तमाशा हाय का?" असं विचारलं आणि आत जाऊन पंख्याखालच्या खुर्चीत बसली. त्या दिवशी पाण्याच्या टाकीवरून ती मनसोक्त भांडली. एवढी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती.

बाहेर आमच्याच शेळ्या रॅम्पवर चढल्या. शेळीला चढण दिसली की राहवत नाही. लेंड्या टाकून गेल्या. मायनं ते पाहिलं. आज लेकीच्या कुबड्या घाणीत पडायला नकोत म्हणून तिनं बादली आणली, खराट्यानं फरशी घासली, वरून स्वच्छ पाणी ओतलं. कौतुकानं बघत उभी राहिली. तेवढ्यात सभा सुटली.

दारात चुलत्यांनी हात पुढं केला. आक्का म्हणाली, "आता कशाला? आता रस्ता हाय की मला."

उभं राहून बोललेलं तिचं ते शेवटचं वाक्य. पहिलीच कुबडी सटकली. मग एकदम सगळे धावले, आणि कुणी काखेत, कुणी पायाला धरून तिला उचललं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण हाडात जीवच नव्हता, डॉक्टरही काय करणार. ती पुन्हा बसू शकली नाही. मशीनवर चादर टाकली. मायला कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच वाईट झालं. बोललं असतं तर ती रडली असती, भांडली असती. ती नुसती आक्काच्या खाटेभोवती फिरायची आणि तांब्या द्यायला शेजारणीला बोलवायची. स्वतःच्या हातानं लेकीला पाणी द्यायची तिची छातीच होत नव्हती.

अशातच माझ्या कानावर आलं की दिल्लीची एक सरकारी संस्था साऱ्या देशासाठी अपंगांच्या सोयीचे नियम ठरवणार आहे. रॅम्पचा उतार किती, दार केवढं, कठडा कुठं, पायाखालची जमीन कशी, सगळं. आणि ते अपंग माणसांना विचारून ठरवायचं, म्हणून ठिकठिकाणी बैठका घेणार होते, एक बीडलाही. मी गावी जाऊन आक्काला सांगितलं. कितीतरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर जुनी खोडी दिसली.

"इचारनार हायत? आमाला?"

"हो."

"मग मी जानार."

कशी जाणार, हे मी विचारलं नाही. तीच छताकडं बघत म्हणाली, "न्या उचलून."

 कुबड्या आल्यापासून जिनं कुणाला उचलू दिलं नाही, ती हे म्हणत होती. चुलीपाशी मायचे हात थांबले. तिनं हळूच विचारलं, "काय सांगनार गं तितं?"

"फरशीचं सांगीन," आक्का म्हणाली. "पान्याचं न्हाई सांगनार."

 मायनं स्वतः तांब्या भरला, खाटेपाशी आली आणि आक्काच्या तोंडाला लावला. अर्धं पाणी उशीवर सांडलं. आक्का गपचूप प्यायली.

बैठक पुढं ढकलली. मग पुन्हा ढकलली. कधी साहेब येणार नव्हते म्हणे, कधी हॉल मिळत नव्हता म्हणे. मला असा संताप यायचा, पण फोनवर "बरं बरं" म्हणायचे. आक्का पडल्या पडल्या काय बोलायचं ते पाठ करत राहिली. थंडीत छातीत कफ झाला, आणि ती गेली.

अंगणात तिरडी बांधली. माणसं उचलायला वाकली, तेव्हा माय म्हणाली, "थांबा. आदी इचारा तिला."

माणसं तशीच वाकलेली राहिली. काय करावं कुणाला कळेना. मग चुलते रडतच म्हणाले, "आक्का, उचलू का गं?" आणि तिला उचललं.

बैठक नंतर झाली. मी गेले. एक तरुण अधिकारी बाई होत्या, शांतपणे ऐकणाऱ्या. मी फरशीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मसुद्यात आम्ही घेतलंय, मॅडम. पृष्ठभाग घसरडा नसावा." चांगलं आहे, म्हटलं. बाईंचा काही दोष नव्हता. ते वाक्य आमच्या गावात आधी पोचलं नव्हतं, एवढंच. पाण्याचं मी काढलंच नाही. आक्कानं ठरवलं होतं ना.

तशीच गावी गेले. माय दारातच बसली होती.

"काय सांगितलंस?"

"फरशीचं."

"आन् पान्याचं?"

"न्हाई."

तिनं आपल्या हातांकडं पाहिलं.

"सांगायचं व्हतं ना गं," ती म्हणाली. "आनिक कुनाच्या मायनं धुतली म्हंजी?"