आईच्या गुडघ्यावरची रेघ

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी अकोल्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. धाकटा भाऊ अमरावतीच्या एका दवाखान्यात शिकाऊ सर्जन होता. आमच्या घराण्यातला पहिला डॉक्टर.

आमच्या गावी वलगावला विहिरीच्या पायरीवर आई घसरली आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. वरचा मोठा तुकडा शाबूत होता, खालच्या भागाचा चुरा झाला होता. चुरा काढून टाकायचा एवढे ठरले. चीर कुठून द्यायची, हा प्रश्न राहिला.

आईला भावाच्याच दवाखान्यात आणले होते. तिथल्या मोठ्या डॉक्टरांचा विचार समोरून आडवी चीर देण्याचा होता. हाड लगेच हाताशी येते. त्यांनी आईला शेतातल्या कामाबद्दल विचारले. निंदायला सुना आहेत, ती म्हणाली, पण वंदनेला गुडघे टेकावे लागतात. दीक्षा घेतल्यापासून ती दर पौर्णिमेला विहारात पहिल्या ओळीत असे. डॉक्टरांनी सुचवले, उभ्याने हात जोडले तरी चालेल.

"लोकाइच्या दारात जलमभर उभंच होतो, डाक्तरसाहेब," आई म्हणाली. "आता आपल्या मनानं टेकतो. थे बी उभ्यानंच करू का?"

भावाने परवानगी घेऊन मत मांडले. आडवा व्रण नेमका टेकायच्या जागी येईल आणि दर वेळी दुखेल. आतल्या बाजूने वळणदार चीर दिली तर व्रण बाजूला राहील. त्यात वेळ जास्त जाईल आणि कातडी अधिक सोडवावी लागेल, हेही त्याने सांगितले. डॉक्टरांनी दोन-तीन शंका विचारल्या. मग शाईचा बोळा त्याच्या हातात दिला.

"रेघ तुम्ही आखा. चीर मी देतो."

तोवर ते त्याला 'अरे' म्हणत.

भावाने रेघ आखली. मग तो बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसला.

प्लॅस्टर निघाले तेव्हा गुडघा लाकडासारखा ताठ होता. आई दात आवळून रोज तो थोडा थोडा वाकवत राहिली. पुढे एका पौर्णिमेला तिने विहारात आधी डावा गुडघा टेकला, मग उजवा. आधाराला पुढे झालेल्या बायांना तिने हातानेच थांबवले. भाऊ मागे उभा राहून त्या गुडघ्याकडे पाहत होता.

आईने मान वळवली. "काय पाहून राहिला? टेक नं आता."