मशीनवरचे तीन ठोके

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये कापडाला इस्त्री करणाऱ्या मोठ्या रोलरच्या मशीनवर मी ऑपरेटर आहे. नथ्थूभाऊ आमचे फिटर. माझ्यासारखेच खानदेशातले, लिंबायतला राहणारे. तरुणपण लूमच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे कान जरा जड. पोरं त्यांच्या पाठीमागे हळूच म्हणायची, "चहा आला!" ते चटकन वळायचे. "एवढं बरं ऐकू येतं, काका!" सगळे हसायचे. तेही.

शेडमधल्या आवाजात हाक पोचत नाही. म्हणून आमची एक रीत — दुरुस्तीनंतर ऑपरेटरने मशीनच्या लोखंडावर पान्याने तीन ठोके द्यायचे, दहापर्यंत मोजायचं, मग बटण. आत कुणी असेल तर उलटा ठोका येतो.

त्या दुपारी रोलरमध्ये कापड गुंडाळलं गेलं होतं. नथ्थूभाऊ ते कापून काढत होते. खालून त्यांचे पाय दिसेनासे झाले. मला वाटलं, बाहेर आले; बटण दाबलं. वाटलं — पण पाहिलं का? चार पावलं चालून जायला काय झालं होतं?

त्यांचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

शेडवर देखरेख करणाऱ्या मास्तरांनी विचारलं, "ठोके दिले होते?"

"दिले."

एवढंच बोललो. पुढचं लोकांनीच जुळवलं — म्हाताऱ्याला ऐकू गेलं नसेल.

दवाखान्यात नथ्थूभाऊंनी डाव्या हाताने माझा हात धरला. "माले ऐकूच उनं नही रे भाऊ. मनाच कान गयात, तुना काय दोष?" मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, रडतोय. रडत नव्हतो. सुटलो, असं वाटत होतं.

मी ठोके दिलेच नव्हते. एकही नाही.

हात मी घेतलाच. पण कानही घेतले — ते कसं सांगू? आता ते एकटे रस्ता ओलांडत नाहीत. नातू झोळीत असला की घरात एकटे थांबत नाहीत — रडला आणि ऐकू आलं नाही तर?

परवा भेटायला गेलो. मला शेजारी बसवून म्हणाले, "जरा जोरमा बोल, भाऊ."

मी आवाज चढवला. आणि उन्हाळ्याबद्दल बोलत राहिलो.