साडूचा उंबर

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी चहा होण्याआधी, माझ्या साडूने सात वर्षं जोपासलेल्या उंबराची एक फांदी कापली. आदल्या दिवशी मी ‘उजवीकडे जरा जड दिसतं’ एवढंच म्हणालो होतो. टीका इतकी मनावर घेणारा माणूस वाशिम जिल्ह्यात दुसरा नाही.

साडूची कामरगावला बागायत आहे. वांगी, टोमॅटो तो कुणालाही न विचारता काढतो. बोन्साय मात्र मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून शिकला, आणि ‘आपल्या चुका लोकांना विचारा’ हा त्यातला एक सल्ला त्याने घट्ट धरून ठेवला. घरी येणाऱ्याला पाण्याआधी उंबर दाखवला जातो. दीड वितीचं झाड, उथळ कुंडी, फांद्यांना तांब्याची तार. पाहुणा ‘वा, छान’ म्हणाला की साडूचा चेहरा पडतो. ‘तोंडदेखलं नका बोलू ना भाऊ. काय चुकलं ते सांगा.’ चूक सापडेपर्यंत पाहुण्याची सुटका नाही, सापडली की कात्री. दूधवाल्याला शेंडा वाकडा वाटला, शेंडा गेला. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या बाई ‘मंधात लय गचपन झालं’ म्हणाल्या. पत्रिका उघडायच्या आत दोन फांद्या गेल्या.

माझ्या टीकेनंतर उरल्या तीन. मेव्हणीने मला स्वयंपाकघरात गाठलं. ‘भाऊजी, आता कोनी काही बोललं तर नुसतं खोड राहीन. तुमीच काहीतरी करा.’ मी अंगणात जाऊन उंबराची दहा मिनिटं स्तुती केली. साडूने ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, ‘काही पाहिजे का तुमाले?’

ओट्यावर त्याचे वडील बसले होते. त्यांच्या लेखी वाढलेलं झाड चांगलं, न वाढलेलं आजारी. ‘काहून उपाशी मारून राह्यला रे त्याले?’ एवढंच ते सात वर्षं विचारत आले. एकदा दया येऊन त्यांनी कुंडीत मूठभर युरिया टाकला होता. उंबर कसाबसा वाचला. बापलेकांचं बोलणं महिनाभर बंद होतं. माझी स्तुती संपल्यावर ते उठले आणि शेताकडे गेले.

आमच्याकडे पीक भरलं की दृष्ट लागू नये म्हणून चुन्याचे ठिपके दिलेलं काळं मडकं शेतात काठीवर उलटं ठेवतात. दुपारी वडील ते काठीसकट घेऊन आले आणि कुंडीशेजारी रोवू लागले.

‘बाबा, हे वांग्यातलं हाय ना?’

‘मंग? तुह्या साडूनं इतकी वाहवा केली. नजर लागन ना त्याले.’

‘अन् वांग्याचं काय?’

‘वांग्यात काय हाय यंदा नजर लागाले? याच्यात हाय.’

 साडूने कात्री पुसली आणि आत नेऊन ठेवली.

होळीला मी पुन्हा गेलो. उंबराला पाच फांद्या होत्या. वडिलांना आता शेतापर्यंत चालवत नाही. त्यांची खाट अंगणात आणली आहे. कुंडीला पाणी तेच घालतात.