दोन्ही खांदे सत्तेचाळीसचे

"हात वर. अजून. अजून वर."

केला. पार कानापर्यंत. खांद्यात सुरी फिरत होती. विमा कार्यालयाने नेमलेल्या डॉक्टरने विचारलं, "ऑल राइट?"

"फाइन, सर."

तो हसला. "तुमच्याकडे बायका डोक्यावरून ओझी वाहतात ना? मग तुम्हाला खोकी कसली जड?"

मीही हसलो. त्या हसण्याची शरम अजून जात नाही.

इथे परदेशात, ईस्ट टामाकीच्या गोदामात सहा वर्षं मी सरकत्या पट्ट्यावरून खोकी उतरवली. पट्टा माझ्या उजव्या अंगाला, म्हणून ओढायचा हात उजवाच. खोकं अठरा किलोचं. एका शिफ्टला चारशे. मोजायची मला सवयच. २००६च्या हिवाळ्यात दोनशे बाराव्या खोक्याला खांद्यात काहीतरी तटकन तुटलं. उरलेली एकशे अठ्ठ्याऐंशीही उतरवली.

त्या तपासणीनंतर विमा कार्यालयाचं पत्र आलं. स्नायू फाटलाय, पण कामाने नव्हे, वयाने. हात पूर्ण वर जातो. दुखत नाही, असं रुग्णच सांगतो.

कामाने नाही, म्हणून भरपाई नाही. हात चालत नाही, म्हणून काम नाही. फ्लॅट बुश उपनगरातल्या घरात दिवसभर भिंतीकडे बघत बसायचो. भातही डाव्या हाताने.

मुलीने पत्र वाचलं. "बाबा, व्हाय डिड यू से फाइन?"

बायको म्हणाली, "अहो, ती काय परीक्षा होती, पैकीच्या पैकी मिळवायला?"

मला वडील आठवले. ते पोती वाहायचे. मुकादम विचारायचा, "जमतंय का रे?" "जमतंय, साहेब." नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी काम नाही. घरात कण्हायचे, बाहेर कधीच नाही. तेच मी इथे घेऊन आलो होतो.

फेरतपासणी मागितली. तोच डॉक्टर.

"हात वर."

खांद्याच्या रेषेत थांबलो.

"अजून."

"नाही. इथून पुढे दुखतं. लिहा."

"मागच्या वेळी तर गेला होता."

"मागच्या वेळी मी खोटं बोललो. तेही लिहा."

"हे वयाचं दुखणं आहे."

"डावा खांदाही सत्तेचाळीस वर्षांचाच आहे. त्याचा स्कॅन काढा."

त्याचं पेन थांबलं. "त्याची गरज नाही."

निकाल यायचाय; विरुद्ध गेला तर सुनावणी मागणार. डाव्या खांद्याचा स्कॅन आता मीच काढून घेणार. तो खांदाही फाटलेला निघाला, तरी सुनावणीत मीच तो स्कॅन टेबलावर ठेवीन. लपवणार काहीच नाही. दुखणंसुद्धा.