बँडमधली बाई

लग्नाच्या बँडमध्ये बाईच्या आवाजात गाणारा एक पुरुष असतो. आमच्या अंबडच्या बँडमध्ये तो मी. जोडीच्या गाण्यात नायक दुसरा कुणी गायचा, नायिका मी. गायचं मात्र स्पीकरच्या गाडीमागे उभं राहून, म्हणजे पुढे नाचणाऱ्यांना वाटावं की खरंच कुणी बाई आणलीय. मग एखादा पिलेला बाई बघायला मागे यायचा, माझ्या मिशा बघून तोंड वाकडं करायचा आणि पुढे जाऊन पुन्हा त्याच आवाजावर नाचायचा. या माणसांची मला किळस येते. अजूनही येते.

बहिणीचं परतूरला जमलं. मुलगा चांगला होता, जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत कामाला, आणि तिला मनापासून आवडला होता. सगळं ठरत आलेलं असताना कुणीतरी माझं गाणं तिकडे कानावर घातलं. तिचे होणारे सासरे घरी आले. चहाला हात न लावता वडिलांना म्हणाले, "पोराचं हे बायकी गाणं बिलकुल बंद करा. लोकं हसून राह्यले आम्हाला. मंग तारीख काढू."

वडिलांनी मला विचारलंसुद्धा नाही, हो म्हणून टाकलं. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा बघून मीही हो म्हणालो.

लग्नाला बँड आमचाच होता, मी पाहुण्यांत. नवरदेवाची मिरवणूक निघाली, पण नाच काही रंगेना. पोरं मोबाईल काढून बाजूला उभी राहिली. सासरेबुवा मला शोधत आले, खांद्यावर हात टाकून म्हणाले, "जरा म्हण की रे. गाडीमागून म्हण, कोणाला दिसतंय?"

इतका निलाजरा माणूस मी पाहिला नव्हता. पण नाही म्हटलं असतं तर त्याचा राग उद्या बहिणीवरच निघणार होता. मी माईक घेतला. गाडीमागे मात्र गेलो नाही. घोड्यासमोर उभा राहिलो आणि वरच्या पट्टीत सुरू केलं. क्षणभर सगळे चपापले, मग जो धिंगाणा सुरू झाला! सगळ्यांत जास्त नाचले ते सासरे. माझ्या तोंडाकडे न बघता, हात वर करून, घामाने निथळत.

अक्षता पडल्या, जेवणं झाली. त्यांच्याकडून आहेर सुरू झाला. आमच्या पुरुषांना टॉवेल-टोपी, बायकांना ब्लाऊजपीस. माझ्यापाशी आल्यावर सासऱ्यांनी दात काढत माझ्या हातात ब्लाऊजपीस ठेवला. सगळा मांडव हसला. माझे सख्खे काका हसले. वडील स्वतःच्या चपलांकडे बघत बसले.

पाठवणीच्या वेळी बहीण रडत रडत गाडीपर्यंत गेली, दार धरलं आणि थांबली. डोळे पुसून सासऱ्यांना म्हणाली, "मामा, दादाला टोपी द्या. मंग बसते."

"टोप्या संपल्या, सूनबाई."

"मंग न्हाई बसत."

ती खरंच बसेना. ड्रायव्हरने गाडी बंद केली. शेवटी सासऱ्यांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली. नाचून नाचून ती घामाने चिंब झाली होती, उग्र वास मारत होती. बहीण माझ्याकडे बघत होती. मी ती टोपी डोक्यावर घातली, आणि ती गाडीत बसली.