शांतलिंगनं दाखवलेली जागा

जळकोटात कोणी शांतलिंगला दलाल म्हणून हाक मारली की त्याची बायको मल्लम्मा आतून दाराला कडी घालायची. तिला दलाल माहीत होते ते बैलबाजारातले, आणि तिच्या माहेरी असल्या माणसाला पोरगी देत नसत. तिचं लग्न ठरलं तेव्हा शांतलिंग पानवाला होता. बापाचा पानमळा होता, पानांची पाटी घेऊन तो नळदुर्गच्या बाजाराला जायचा, येताना चार घरी टेकून चार गोष्टी ऐकायचा. मग मळ्याला मर लागली, वेली वाळल्या. बाप त्याच वेलींकडं बघत बघत गेला आणि शांतलिंगच्या हातात रिकामी पाटी राहिली.

मी शांतलिंगची बाजू घ्यायला बसलेलो नाही. पण सगळं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडून मोकळं होणंही मला जमत नाही. दलाल गावाला हवा होता. साल सत्तेचाळीस. तिकडं सोलापुरात झेंडा बदलला, इकडं निजामाचाच राहिला, आणि मधल्या थोड्याशा वाटेवर माणसं जीव मुठीत धरून जाऊ-येऊ लागली. रझाकार आले अशी नुसती आवई उठली तरी चुली विझायच्या. ज्यांचं कोणी हद्दीपलीकडं होतं ते निघाले. घर आणि शेत काही गाठोड्यात बांधता येत नाही. मग घेणारं कोण आहे हे विचारायचं कुणाला? घरोघर पानं देत फिरलेल्या माणसाला. कुणाच्या विहिरीला वैशाखात पाणी असतं, कुणाला शेजाऱ्याच्या शेतावर डोळा ठेवून झोप लागत नाही, हे शांतलिंगला ठाऊक होतं. लोक त्याला आडबाजूला घेऊन विचारत आणि पारावर त्याच्याकडं पाठ करून बसत. आपल्या गावाची ही जुनी खोड आहे.

नळदुर्गात महांतप्पा नावाचा म्हातारा दलाल होता. शांतलिंग त्याच्या ओट्यावर जाऊन बसू लागला. महांतप्पानं त्याला धंदा शिकवला तो पान जुळवता जुळवता.

"घर दावायचं सकाळच्या पारी, ऊन आत येतं तवा. शेत दावायचं पीक उभं असताना. खोटं बोलायचं न्हाय. पर इचारल्याबिगर तोंड बी उघडायचं न्हाय."

एवढ्या शिकवणीवर शांतलिंग बाहेर पडला. पहिले काही महिने कुणी दाद दिली नाही. एक घर ठरत आलं तर मालकाचा भाऊ आडवा आला. एक मळा ठरला तर घेणाराच रात्रीतून गाव सोडून गेला. शांतलिंग घरी आला की मल्लम्मा काही विचारायची नाही, आणि ते न विचारणंच त्याला जास्त लागायचं. एक तरी सौदा होऊ दे, मग गाव आपल्याला माणसात धरेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. माणसाच्या मनानं असं काही घेतलं की तो कामातून जातो.

अशात त्याला रुद्रम्मानं बोलावलं. तिला सगळे रुद्रव्वा म्हणत. नवरा केव्हाच गेलेला, एकुलता एक मुलगा गुंडप्पा. तो लग्नाचा झाला आणि सेहेचाळीसच्या पटकीत गेला. गाव तेव्हा रानात पांगलं होतं. तीन-चार माणसांनी घाईघाईनं त्याला त्यांच्याच शेतात बसवून माती दिली, आणि पुढं त्या माणसांपैकी एकही गावात उरला नाही. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं वर समाधी बांधायची, ते रुद्रव्वाला झेपलं नाही. तिनं एक दगड ठेवला, शेजारी बेलाचं रोप लावलं आणि दर सोमवारी जाऊन दिवा लावू लागली. शेत दुसऱ्याला वाट्यानं दिलं होतं, तोही आता सोलापूरकडं गेला होता.

"तम्मा, भावाकडं जाती म्या पलीकडं," ती म्हणाली. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, ती त्याला तसंच हाक मारायची. "शेत इकून टाक. पर गुंड्याची जागा त्यांस्नी नीट दाव. तेवढ्यावर नांगर घालू नका म्हणाव, आन् म्या आली की दिवा लावू द्या म्हणाव. दुसरं काय न्हाय माजं मागणं."

"दावतो की, अव्वा," शांतलिंग म्हणाला. त्या वेळी तो मनापासूनच म्हणाला असणार.

घेणारा होता बलभीम. त्याचं शेत रुद्रव्वाच्या बांधाला बांध, पण पटकीत पांगलेला तो नुकताच परतला होता आणि गुंडप्पाला कुठं ठेवलं हे त्याच्या कानावर नव्हतं. सरळ माणूस, जरा देवभोळा. त्याला शेत हवं होतं, पण शांतलिंगला धास्ती पडली. लग्नाआधी गेलेला पोरगा, वर समाधी नाही, फक्त दगड. असलं शेत आपली बायको घेऊ देईल का, असं बलभीम म्हणाला तर? हाताशी आलेला पहिला सौदा गेला तर? पौषाचे दिवस. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कणसं निसवलेली. शांतलिंगनं बलभीमला बांधाबांधानं फिरवला. चारी कोपरे दाखवले. मधोमध कुठं तरी तो दगड होता आणि ते रोप होतं. ज्वारीत शिरून ते बघायला शांतलिंग स्वतःही गेला नाही.

आमच्याकडं सौद्याची सुपारी फोडण्याआधी घेणारा एक सवाल टाकतो. ह्यात कुणाचं काय हाय का? म्हणजे कुणाची वाट, कुणाची पाण्याची पाळी, कुणाचा देव, कुणाची माती. देणाऱ्यानं त्याचं उत्तर चार माणसांदेखत द्यायचं असतं. रुद्रव्वा बाईमाणूस म्हणून आत माजघरात बसलेली, बाहेरचं बोलणं तिथवर पोचत नव्हतं, तेव्हा तिच्या वतीनं उत्तर दलालानं द्यायचं ठरलं.

"ह्यात कुणाचं काय हाय का?" बलभीमनं विचारलं.

महांतप्पाची शिकवण इथं संपली होती, कारण विचारलं गेलं होतं. शांतलिंगनं पदरची भर घातली.

"कुणाचं काय न्हाय," तो म्हणाला.

सुपारी फुटली. माणसं पान खाऊन उठली. रुद्रव्वानं आतून हळूच विचारलं, "गुंड्याचं बोललास न्हवं?" आणि शांतलिंगनं होय म्हणून मान हलवली. पुढं तुळजापुरात कागद झाला, त्यातही तेच उतरलं. त्या रात्री मल्लम्मानं गूळ घालून गव्हाची हुग्गी केली, सणाला करतात तशी. मला या सगळ्या गोष्टीत त्या हुग्गीचंच सर्वांत वाईट वाटतं.

रुद्रव्वा हद्दीपलीकडं गेली. ज्वारी निघाली. उन्हाळ्यात बलभीमनं दोन्ही शेतांच्या मधला बांध फोडला, दोन्हींचं एक रान केलं आणि लोखंडी नांगर घातला. गड्याला रानात एक दगड लागला, तो त्यानं ओढ्यात भिरकावला. कसलंसं वाळकं रोप होतं, ते ढेकळांत गेलं. शांतलिंगचे मात्र दिवस फिरले. एक सौदा झाला म्हटल्यावर दुसरा झाला, तिसरा झाला. लोक त्याला पारावर जागा देऊ लागले.

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात फौजा आल्या आणि निजामाचं राज्य संपलं. गेलेले लोक परत येऊ लागले. दिवाळीच्या तोंडावर रुद्रव्वा आली, घर झाडलं, आणि दुसऱ्या दिवशी पणती पदराखाली घेऊन शेतावर गेली. परत आली ती थेट शांतलिंगच्या दारात.

"तम्मा, बांध कुठं गेला? मला काय वळखंनाच. गुंड्याची जागा घावंना. तू दाविली होतीस न्हवं बलभीमाला? चल, मला बी दाव."

शांतलिंग तिला बसवून, पाणी देऊन, मागच्या दारानं बलभीमकडं पळाला. सगळं सांगितलं. बलभीमनं हातातलं दावं खाली ठेवलं.

"आरं, सांगितलं असतंस तर नांगर वळवून न्हेला असता," तो म्हणाला. "शेत काय सोडणार हुतो व्हय म्या? तिथं घुमटी बी बांधली असती तिच्या पोराची. आपल्या रानात हाय म्हणल्यावर आपलाच की त्यो. तू मला फुकाट पापात घातलंस, शांतलिंगा."

शांतलिंगनं त्याचे पाय धरले. तिला सांगू नका म्हणाला. बलभीमला ते रुचलं नाही, पण म्हातारीला खरं सांगायचा धीर त्यालाही झाला नाही. "तू दावशील ती जागा म्या पडीक सोडतो," एवढं बोलून तो गोठ्यात निघून गेला.

मग शांतलिंग रुद्रव्वाला घेऊन त्या मोठ्या रानात गेला. रान सगळीकडं सारखं काळं होतं. तो थोडा चालला, थोडा थांबला, पुन्हा दोन पावलं मागं आला, आणि एका जागी बोट दाखवून म्हणाला, "हितं, अव्वा." जागा दाखवायचं आता त्याच्या अंगवळणी पडलं होतं. रुद्रव्वानं तिथली माती कपाळाला लावली, पणती ठेवली आणि गुंड्याशी कानडीत बोलत बसली. शांतलिंग रानाच्या कडेला धुऱ्यावर उभा होता. बोलणं त्याला कळत होतं. ती पोराला सांगत होती की मामाच्या घरी सगळं बरं होतं, फक्त सोमवारी करमायचं नाही.

वर्षभर असंच चाललं. बलभीमनं शब्द पाळला, चौथऱ्याएवढी जागा सोडून पेरणी केली. रुद्रव्वा दर सोमवारी जायची. कधी मल्लम्माही तिच्याबरोबर जायची, फुलं घेऊन. तिला काही माहीत नव्हतं. शांतलिंग सोमवारी गावात थांबेनासा झाला.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर रुद्रव्वाच्या पायांवर सूज चढली. आपलं आता काही खरं नाही हे तिनं ओळखलं. तिला दुसऱ्या कुणाच्या हाती काही ठेवायचं नव्हतं.

"माजी जागा माज्या डोळ्यांदेखत खणून ठिवा," ती म्हणाली. "गुंड्याच्या लागून. मदी हातभर माती असू द्या, बास."

जिवंतपणी आपली जागा करून ठेवणारी माणसं आमच्यात निघतात, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. बलभीमनं जागा दिली आणि खणायला गावातल्या विहिरी खणणाऱ्या गोरोबाला धाडला. रुद्रव्वाला बैलगाडीत घोंगडी टाकून आणलं. बलभीम होता, मल्लम्मा होती. शांतलिंगला यावंच लागलं. जागा दाखवणारा तोच होता.

गोरोबानं खणायला घेतलं. गुंडप्पाच्या अंगाला धक्का लागू नये म्हणून तो त्या बाजूला बेतानं पहार घालत होता. कमरेएवढं खणून झालं आणि तो थांबला. त्या बाजूला आणखी जरा पहार घातली, हातानं माती कोरली, पुन्हा थांबला.

"आव, हितं कुणी न्हाय," तो वर बघून म्हणाला. "खड्डा केलेली माती मिसळती, काळी-पांढरी हुती. ही कोरी माती हाय. हिला कवाच कुणी हात लावलेला न्हाय."

बलभीमनं मान फिरवली. गोरोबाला वाटलं आपलं काही चुकलं, तो दुसऱ्या बाजूनं खणू का म्हणून विचारू लागला. मल्लम्मानं नवऱ्याकडं पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं ती दाराला कडी घालत होती, पण त्याच्या तोंडाकडं असं तिनं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

रुद्रव्वा घोंगडीवरून सरकत खड्ड्याच्या कडेला आली. तिनं वाकून आत बघितलं. चांगला वेळ बघितलं.

"तम्मा, मग माजा गुंड्या कुठं हाय?"

शांतलिंगला कितीतरी घरांची, शेतांची उत्तरं देता येत होती. कुणाची भिंत ओली, कुणाचं छप्पर नवं, सगळ्याला त्याच्याकडं शब्द होता. तो म्हणाला, "मला ठाव न्हाय, अव्वा. म्या त्या दिशी ज्वारीत शिरलोच न्हाय." आणि मग तो रडायला लागला, मोठ्यानं.

ती ओरडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. दिले असते तर बरं झालं असतं, असं बलभीम पुढं बरीच वर्षं म्हणायचा. तिनं मूठभर कोरी माती उचलून बघितली आणि पुन्हा खड्ड्यात टाकली. मग समोरच्या त्या सगळ्या रानाकडं बघत तिनं शांतलिंगला अगदी साध्या आवाजात विचारलं, एखादं घर विचारावं तसं.

"मग मला आता कुणापाशी ठिवणार तू?"